बाबा, आता निघा

१ एप्रिल १९८६
छूफूच्या बसने धुळीत उतरवलं, पण गाव बघताक्षणी आवडलं. शाळा नीटनेटकी, विहीर जवळ, शेतात हिरवागार गहू. खोली यान बोरेनच्या घरात. पन्नाशीचा साधा माणूस. आल्या आल्या कांद्याची पात गुंडाळलेलं गरम धिरडं हातात ठेवलं. त्याचे वडील हिवाळ्यात गेले. फान मास्तर, फान मास्तर करत पोरांनी सामान उचललं. रात्र व्हायच्या आत बायकोला पत्र टाकलं. शूलानचे दिवस भरत आलेत. अठराला मी जिनानला हजर, असा शब्द दिलाय.

४ एप्रिल
मुख्याध्यापकांनी भलतंच गळ्यात घातलं. उद्या पितरांचा दिवस. या गावात कन्फ्यूशियसच्याही आधीपासूनची रीत पाळतात : मेलेल्याचा नातू त्याचा कोट घालून खुर्चीत बसतो, त्याच्या वतीने जेवतो. शेवटी थोरला मुलगा ‘बाबा, आता निघा’ म्हणाला की बसलेला सुटला. बोरेनचा मुलगा छिंगदाओहून यायला तयार नाही. मी परका, म्हटलं. तर म्हणे, बसायला काय नातं लागतं? वर, माझा रजेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर आहे याची आठवण करून दिली. झालं!

५ एप्रिल
दोन तास ताठ बसलो. ज्वारीची दारू, गारढोण मांस. बोरेन पायाशी ढसाढसा रडत होता. निरोपाचे शब्द काही त्याच्या तोंडून निघेनात. शेवटी कंटाळून मीच उठलो, कोट काढला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेजारची म्हातारी तेवढी करवादली, की निरोप न घेता उठलास, आता आत आलेला जायचा कसा?

७ एप्रिल
वैताग! पोरं मला आजोबा म्हणतात. मुख्याध्यापक मी आलो की उठून उभे राहतात. तिशीचा आहे हो मी! बोरेनला स्पष्ट सांगितलं, ते तीन शब्द बोलून टाक. तो म्हणाला, बाबा, चार दिवस राहा की, शेवटच्या वेळी मी जवळ नव्हतो. आता याच्यापुढे काय डोकं फोडावं?

११ एप्रिल
गुडघे धरलेत. तंबाखूच्या वासाने मळमळणारा मी, आज चिलीम ओढली. ती फळीमागे असते हे मला कुणी सांगितलं?

१४ एप्रिल
बस आली. कंडक्टरने हात धरून मला झाडाखाली बसवलं. आजोबा, या वयात एकटे कुठे निघालात, म्हणाला. बस गेली. संतापाने रडू आलं.

१७ एप्रिल
कचेरीतून जिनानला फोन. शूलान म्हणाली, काका, जरा फान मास्तरांना बोलवा ना, कळा येतायत. मीच आहे गं, म्हणून ओरडलो. तिने घाबरून ठेवला.
बोरेनचे पाय धरले. उद्या म्हणतो, असं वचन दिलंय त्याने.

१८ एप्रिल, सकाळ
खुर्ची मांडलीय. कोट घातला. जिनानला जायचंय, लवकर — तिथे कुणीतरी — एक बाई, पोटुशी — नाव अगदी ओठांवर —

गव्हाला पाणी दिलेलं नाही. हा पोरगा लहानपणापासून असाच.

बोरेन गुडघ्यांवर बसलाय. बाबा, म्हणाला. पुढचं बोलणार तेवढ्यात — तोंडावर हात ठेवला मी त्याच्या. एवढ्यात कुठे धाडतोस रे मला, बाळा, अजून तर —