झाडावरच्या घराचा रॅम्प

प्रिय दादा,

नमस्कार, आणि हे पत्र आधी एकट्याने वाच. आईला एवढंच सांग, की मी वेळेवर जेवते आणि खोलीत थंडी वाजत नाही. तिचे गुडघे कसे आहेत? तुझ्या खुर्चीचं ते करकरणारं चाक बदललंस का?

काम मार्गी लागलंय. जुन्या हवेलीच्या बागेत मी मुलांसाठी खेळायची जागा आखतेय, हे तुला माहीत आहेच. झाडावरच्या घरापर्यंत चाकांची खुर्ची जाईल असा लांब रॅम्प मला हवा होता. मालकीणबाई म्हणत होत्या, "हवेलीची शोभा जाईल. त्या मुलांना खाली वाळूत खेळू द्या की."

माझं डोकंच फिरलं. तिथे जमलेल्या सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की आम्ही झाडावर चढायचो तेव्हा माझा भाऊ खाली आमच्या चपला सांभाळत रडत बसायचा. बाईंनी डोळे पुसले आणि रॅम्प मंजूर केला.

दादा, तू कधी रडलास रे? खाली बसून कोण बाद, कुणावर राज्य, सगळं तूच ठरवायचास. तुझ्या शब्दापुढे कुणाचं काही चालायचं नाही. आणि मी तुला चारचौघांत बिचारा करून आले.

आता बाईंनी तुला उद्घाटनाला बोलावलंय. तू ये, आणि खरं काय ते सगळ्यांसमोर सांग. लहानपणी तू बाद दिलंस की मी तासभर भांडायचे. या वेळी गुपचूप राज्य घेईन.

तुझीच,
छोटी