डॅशबोर्डवरचा काळा झेंडा

आंजी (मोठी),
शुक्रवार, दुपार

आदरणीय महादेवराव भाऊजी यांस,

प्रभाकरचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांनी सहकार्य नाकारल्यामुळे तूर्त कागदावरच वाकलो आहे.) तुमचा खोकला, आनंदाताईची कंबर आणि तुमच्या बांधावरची सीताफळे, तिघांचीही प्रकृती कळवावी. फोन न करता पत्र लिहितो, कारण मी फोनवर बोलू लागलो की अर्धी आंजी ऐकते असे आमच्या सौ. भागीरथेचे म्हणणे आहे, आणि या वेळी त्या अर्ध्या आंजीत खुद्द तीही येते. पत्र किशोर भाजीवाल्याच्या टेम्पोतून पोचेल. पाकीट बंद आहे ना एवढेच बघून घ्या. तो तोंडी जे सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका.

नाचणगावात एव्हाना बातमी पोचलीच असेल की प्रभाकर मास्तरला भरदुपारी नाल्याच्या पुलावर भूत दिसले. साफ खोटे आहे. मला जे दिसले ते मीच होतो.

आता हे नीट सांगितले पाहिजे. दसऱ्याला आमच्याकडे वखर, विळे, फवारणीचा पंप आणि रक्षाची शिलाई मशीन धुऊन-पुसून पूजेला मांडतात. मी कर्मकांडाचा वैरी, पण या पूजेला माझा विरोध नाही. ज्या अवजाराने पोट भरते त्याला माणसाने वर्षातून एकदा हात जोडावेत यात अंधश्रद्धा कसली? (या विषयावर मी ओट्यावर उभा राहून पाऊण तास बोललो. तोवर फुले सुकली.) भागीरथेने वखराच्या दांडीला जवसाचे तेल लावले आणि उरलेल्या तेलात फडके बुडवून गाडीचा डॅशबोर्ड असा घासला की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. मग माझ्या मनात आले, प्रत्येकाचे अवजार पूजेत आहे, माझे कुठे आहे? माझे अवजार वाणी. ती पाटावर मांडता येत नाही. म्हणून मी सेलूच्या मंडळाने दिलेले सन्मानचिन्ह आणले. तुम्ही ते पाहिले आहे, माझा हात उंचावलेला मोठा फोटो, वर चकचकीत काच. पूजा झाल्यावर ते डॅशबोर्डवर आडवे चिकटवून टाकले. तोंड अर्थातच बाहेर जनतेकडे. वक्त्याने स्वतःकडे बघत बोलायचे नसते.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास वर्ध्याला निघालो. ऑक्टोबरचे ऊन डोक्यावर. नाल्याच्या पुलाजवळ पोचलो तर ऐन रस्त्यात एक म्हातारा उभा! हात वर करून मला थांबवतो आहे. मी हॉर्न दिला. हलेना. मी काच खाली करून ओरडलो, ‘‘अरे बाबा, मधात काऊन उभा हाय?’’ त्याच्या चेहऱ्यावर असा काही गर्व होता की मला संताप आला, आणि मी करकचून ब्रेक दाबला. मागून किशोरचा टेम्पो येऊन आदळला. कोणाला खरचटलेसुद्धा नाही, पण दोन क्रेट वांगी पुलावर पसरली. किशोर उतरून म्हणाला, ‘‘मास्तर, कोन आडवं आलं?’’ मी म्हणालो, म्हातारा होता, हात वर केलेला. त्याने पुलाखाली पाहिले, तुरीत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि वांगी तशीच टाकून आधी हात जोडले. ‘‘तुमालेबी दिसला न शेवटी!’’

(मी स्वतःला ओळखले कसे नाही, असे तुम्ही विचाराल. कारण काचेतल्या त्या गृहस्थाने डावा हात वर केला होता. मी आयुष्यात डावा हात उचलून बोललेलो नाही.)

तीस वर्षे, भाऊजी, तीस वर्षे मी या जिल्ह्यात भुते गाडत फिरलो. लोकांच्या गाड्यांखालच्या काळ्या बाहुल्या आणि लिंबू-मिरच्या स्वतःच्या हाताने तोडल्या. येत्या रविवारी पुलगावला माझे व्याख्यान आहे, तेही तुमच्याच अध्यक्षतेखाली, आणि विषय आहे ‘भूत कोणी पाहिले?’ आमच्या बसथांब्यावरच्या फलकावर त्याखाली कोणीतरी खडूने लिहिले आहे, ‘वक्त्यानेच.’ भागीरथेने गाडीची किल्ली पदराला बांधली आणि सुनावले, ‘‘काचीतून नीट दिसते म्हनान तवाच देईन. खोटं बोलान त मले समजते.’’ आता रविवारी मी दुसऱ्याच्या गाडीत बसून आलो तर मास्तरने भुताच्या भीतीने स्टिअरिंग सोडले, असेच म्हणतील. तेव्हा मी जाहीर केले की येईन तर स्वतः गाडी चालवत, त्याच पुलावरून, बारा वाजता!

तो म्हातारा दिसण्याचे कारण रक्षाने सांगितले. (लेक देवळीला विज्ञान शिकवते, घरात मात्र तिचे कोणी ऐकत नाही, मीसुद्धा.) तेलाने डॅशबोर्ड चमकतो, वरचे ऊन त्यावर पडून पुढच्या काचेत उमटते, आणि त्यावर ठेवलेली वस्तू जणू रस्त्यातच उभी दिसते. उपाय सोपा. साबणाच्या पाण्याने तेल काढा, काच आतून पुसा, सन्मानचिन्ह घरात न्या आणि वर बिनचमकीचे काळे कापड अंथरा. बाकी सारे मी केले. काळ्या कापडाला मात्र ठाम नकार दिला. भूत दिसल्याच्या तिसऱ्या दिवशी प्रभाकर मास्तरच्या गाडीत काळे कापड? गावाने आरती ओवाळली असती!

मग उभ्या गाडीत बसून प्रयोग केले. शाल अंथरली तर जरीचे काठ काचेत लखलखले. पोते अंथरले तर खताच्या कंपनीचे नाव आकाशात तरंगू लागले. वर्तमानपत्र अंथरले तर अग्रलेख काचेत उलटा दिसू लागला, आणि अर्धा वाचून त्याच्याशी माझा मतभेदही झाला. भर उन्हात बंद गाडीचे स्टिअरिंग धरून मी एकटाच हातवारे करतो आहे हे बघून शेजारचे ताराचंद लिंबू घेऊन आले. सरबतासाठी नव्हते ते.

आणि बोट नुसते माझ्या डॅशबोर्डकडे का दाखवता? हल्ली सगळेच मेले चमकते. समोरच्या गाड्यांच्या एकेका दिव्याला दहा दहा फाटे फुटलेले. चौकातला नवा दिवा तर पिंजलेल्या कापसासारखा उजेड सांडतो. त्याविरुद्ध मी ग्रामपंचायतीला तीन अर्ज दिले. बाकी कोणाचीच तक्रार नाही असे उत्तर आले. मी लिहून कळवले, बहुमत म्हणजे सत्य नव्हे.

अखेर काल मार्ग सुचला. माझ्या पेटीत कापूस खरेदी केंद्राच्या आंदोलनातले काळे झेंडे आहेत. वर्षानुवर्षे उन्हात फडकून त्यांची चमक केव्हाच गेली. त्यातला सर्वांत मोठा डॅशबोर्डवर अंथरला. हे नजर लागू नये म्हणूनचे काळे नव्हे. हा निषेध आहे! ताराचंदांनी कुंपणावरून विचारले, ‘‘मास्तर, निषेध कोनाचा?’’ मी म्हणालो, ‘‘चकाकीचा! राजकारनातल्या, जाहिरातीतल्या आन या गाडीतल्या!’’ त्यांनी लिंबू खिशात घातले. तीस वर्षांत एवढ्या लवकर कोणी मला शरण आले नव्हते.

तर मी माघार घेतलेली नाही, घेणार नाही. रविवारी पुलगावच्या सभेत तो झेंडा उंच धरून सांगेन की भूत कोणी पाहिले, का पाहिले आणि त्यावर तोडगा मांत्रिक नसून साबण कसा आहे. आनंदाताईस नमस्कार. ती हसत असेल तर हसू द्या.

तुमचा,
प्रभाकर

ता. क. – झेंडा अंथरल्यावर रक्षाने आईच्या पदराची किल्ली मागून घेऊन भरदुपारी पुलापर्यंत गाडी नेली. मी शेजारी. ती म्हणाली, ‘‘बाबा, काच कशी आरशासारखी... नाई, आरशासारखी नाई, पान्यासारखी झाली. काई चमकत नाई.’’ मीही म्हणालो, नाही चमकत.

आणखी ता. क. – खोटे बोललो. आज सकाळी अंगणात खाटेवर बसलो होतो. गाडी पन्नास पावलांवर, तोंड गोठ्याकडे. चकाकी तिथेही होती. चहाच्या कपाभोवतीसुद्धा होती. तुमच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू ज्या डॉक्टरीणबाईंनी काढला, त्या सोमवारी बसतात का? शनिवारी तुम्हीच गाडी घेऊन मला न्यायला या. अध्यक्षांनी वक्त्याला सन्मानाने नेण्याची प्रथा आहे असे गावाला सांगू. नसेल तर आपण सुरू करू. भाषणाचे कागद मला दिसणार नाहीत, पण मी कागद बघून कधी बोललो आहे?

शेवटची ता. क. – यातले भागीरथेला कळू देऊ नका. पोळ्यापासून ती ‘‘डोये दाखवा, डोये दाखवा’’ म्हणते आहे, आणि तिच्यापुढे एकदा हरलो तर पुढची तीस वर्षे ऐकावे लागेल. काळा झेंडा सोमवारीही बरोबर ठेवतो. डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब गाडी सोडा म्हटले, तर तिथेच उघडीन.