माझ्या मयताबद्दल आभार

चि. बारिमा यास न्यामेचे मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठणठणीत आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाच, खाली बस, पाणी पी. मी मेलेलो नाही.

तरीही माझ्या मयतासाठी तू जे पाठवलंस, त्याबद्दल मनापासून आभार. असा मंडप आपल्या सरदारांच्या बापालाही मिळाला नव्हता. सुतकाचं लाल-काळं कापड अख्ख्या गावाला पुरलं, बँडवाले थेट कुमासीहून आले, आणि बकऱ्याचं सार (मी फुफूच्या गोळ्यांबरोबर दोनदा घेतलं) फारच झकास होतं.

झालं असं, की मेला तो चपला शिवणारा अडोमाको. दीड महिना बिचारा शवागारात पडून होता, कारण त्याच्या बायकोकडे, सेरवाकडे, मयत करायला फुटकी कवडी नव्हती. मग हल्ली सगळं गाव करतं तेच तिनंही केलं. मयताच्या फलकावर तुझं नाव ठोकून दिलं: 'सुप्रसिद्ध फुटबॉलपटू बारिमा यांचे लाडके मामा'. (गेल्या वर्षभरात तू अकरा जणांचा भाचा, चौघींचा नातू आणि एका बाईचा जावई झालास. तिला मुलगीच नव्हती.) फलक तुझ्या कारभाऱ्याच्या फोनवर गेला, त्यानं 'मामा' एवढंच वाचलं आणि तुला कळवून मोकळा झाला. फोटो कुणाचा, हे त्या शहाण्याला काय कळणार! तू मला फोन लावला असशील, पण माझा फोन तेव्हा विहिरीच्या तळाशी होता. तुझा नंबरही त्याच्याबरोबर बुडाला. सेरवा कारभाऱ्याचा नंबर द्यायला तयार नाही (मंडप परत मागतील म्हणे!), म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या पाद्रीबाबांच्या हाती देतोय.

शुक्रवारी सामान उतरलं तेव्हा मला पत्ता लागला. तरातरा तिच्या दारात गेलो. म्हटलं, "बाई, जिवंत माणसाचं मयत खायला लाज नाही वाटत?"

ती म्हणते, "अहो, एवढा मोठा भाचा तुमचा, त्याला एक मामा जास्त झाला तर काय बिघडलं? उद्या तुम्ही खरंच गेलात, तर मी येऊन रडेन की. फुकट!"

तिच्या मागे अडोमाकोच्या तिन्ही पोरी उभ्या होत्या. त्यांची तोंडं बघून मी आल्या पावली परत फिरलो. चुकलो असेन तर माझा कान धर. पण जन्मभर कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या चपला शिवणाऱ्या माणसाला मयताच्या दिवशी गावानं पेटीसकट खांद्यावर घेऊन नाचवत नेलं रे. तुझ्यामुळे. देव तुझं भलं करो.

मग कर्ण्यावरून तू रेकॉर्ड करून पाठवलेला रडका निरोप वाजवला. मी दुसऱ्या रांगेत बसून ऐकला. शेजारची म्हातारी मला कोपराने ढोसत म्हणाली, "आता तरी रडा, लोक बघतायत." मी आधीपासूनच रडत होतो.

तुझा (अजून तरी हयात) मामा,
न्यामेचे

ता.क. सेरवावर रागावू नकोस. कारभाऱ्यावर खुशाल रागाव.

आणखी एक ता.क. मंडपाचे बांबू मी ठेवून घेतलेत. कोंबड्यांना आडोसा झाला.

शेवटचा ता.क., ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं. निरोपात तू म्हणालास, "ज्यांनी ज्यांनी मागितलं त्यांना देत राहिलो. मामानं कधी काही मागितलंच नाही, म्हणून नऊ वर्षं त्याच्याकडे जायचं राहून गेलं." माझीच चूक, बाळा. आता मागतो. ये.