निळा साठ, पांढरा पंचवीस

गुरुवार, ३ जुलै
मुनीर सरांची माशांची, प्रवाळांची टाकी आमच्या पुढच्या खोलीत येऊन बारा दिवस झाले. पाण्याचा खारेपणा बरोबर. तापमान २६.
उजेडाचं वेळापत्रक आता पाठच झालंय. अकराला निळा हळूहळू सुरू. दोनला भर, म्हणजे निळा साठ टक्के, पांढरा पंचवीस. सहापासून उतार, नऊला पूर्ण अंधार. जाताना सर म्हणाले होते, "प्रवाळाला घड्याळ कळतं, दत्ताराव. बदल करायचाच झाला तर आठवड्यात पाच टक्के. त्याच्यावर नक्को."
आज एकला शाळेतून आलो. दोनला पाहिलं तर निळा ७०. मी हात लावलेला नाही. परत ६० केला.

शनिवार, ५ जुलै
पुन्हा ७०.
बायकोला, शोभाला विचारलं. म्हणाली, "मला काय करायचंय तुमच्या ॲपात? मी त्या काचेला फडकंसुद्धा लावीत नाय. उगं माशाला सर्दी व्हायची."
टाकीवरच्या दिव्याचे टक्के ठरवणारं ॲप दोनच फोनांवर आहे. एक माझा. दुसरा सरांचा, हैदराबादला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं, नसीमकडं गेलेत. दोन्ही डोळे करायचे, दोन महिने तरी लागतील.
म्हणजे तिथून बदलतात. मला न सांगता.

मंगळवार, ८ जुलै
सरांचा फोन. "झुंबर कसं आहे?" ठीक आहे म्हणालो. उजेडाचं ते काही बोलले नाहीत, मीही नाही. थोरल्या माणसाला तोंडावर कसं विचारायचं? शाळेत ते चित्रकलेचे शिक्षक, मी प्रयोगशाळेतला परिचर. रिटायर झाले तरी माझ्या तोंडी सरच.
झुंबर म्हणजे टाकीतलं सगळ्यात मोठं प्रवाळ. मऊ बोंडांचे झुपकेच्या झुपके खाली लोंबतात. घेतलं तेव्हा त्याला तीनच बोंडं होती म्हणे. सरांच्या बायकोनं, आपानं (सगळेच तिला आपा म्हणायचे, सरही), पसंत केलेलं, नावही तिचंच. आपाला जाऊन चार वर्षं झाली. टाकी देताना उजेडाचं वेळापत्रक सोडलं तर सर बाकी कशाबद्दल बोलले नाहीत. झुंबराकडं बोट करून एवढंच म्हणाले, "ही अमानत आहे."
मग अमानत देऊन पुन्हा पाळत कशाला?

सोमवार, १४ जुलै
रोज पाचला मी सरांना फोटो पाठवतो. शनिवारी, रविवारी मुद्दाम पाठवला नाही. दोन्ही दिवस निळा ६० वर जागेवर. आज पाठवला. साडेपाचला ७५.
आता शंका नाही. फोटो बघतात, माझं काम नापास करतात आणि स्वतः दुरुस्त करतात. फोनवर मात्र गोड.
शाळेत असतानाही हे असंच होतं. पोराच्या हातातला ब्रश न बोलता काढून घ्यायचे आणि स्वतःच रेघ ओढायचे.

गुरुवार, १७ जुलै
ते वाढवणारच आहेत तर आपण आधीच उतरवून ठेवावा. निळा ४५ केला.

शनिवार, १९ जुलै
काल फोटो पाठवला होता. आज ८०.
पंचेचाळीसवरून एकदम ऐंशी. आठवड्याला पाच टक्के कुणी शिकवलं होतं? झुंबराची बोंडं अर्धी आत ओढलेली. आजही फोटो तसाच, ऐंशीतलाच पाठवला. म्हटलं, बघू द्या स्वतःचं काम. मग साठवर आणला.

सोमवार, २१ जुलै. एकादशी.
जपाला बसलो. मणी पुढं सरकत होते आणि मनात टक्के. साठ, पंचाहत्तर, ऐंशी. माळ ठेवून दिली.
उठलो आणि ॲपचा पासवर्ड बदलला. कुलदेवाचं नाव टाकलं, विसरायला नको म्हणून. आता सरांच्या फोनवर ते उघडणार नाही.
शोभानं शाबुदाण्याची खिचडी पुढं ठेवली. "एवढं कोणाला शिव्या देताय मनात?" म्हणाली. कोणाला नाही म्हणालो.

बुधवार, २३ जुलै
सर फोनवर: "ते ॲप काही उघडंना, दत्ताराव. डोळ्यामुळं अक्षरं चुकत असतील माझी."
मी: "नेट नसेल सर."
"हौ, तसंच असंल. तुम्ही आहेत ना तिथं."
फोन ठेवल्यावर देवघराकडं बघायला जड गेलं. लबाडीच्या कुलपाला देवाचं नाव.

सोमवार, २८ जुलै
नसीमचा मेसेज. सरांचा उजवा डोळा झाला, चांगला झाला. निळा साठवरच, सात दिवस हललेला नाही.

शनिवार, २ ऑगस्ट
झुंबर फिकट पडतंय. डाव्या अंगाची बोंडं बाहेरच येत नाहीत, खालचा दगडासारखा सांगाडा पांढरा दिसतो. खारेपणा तपासला, तापमान तपासलं. सगळं जागेवर. मग उजेडच. त्या ऐंशीनंच भाजलं.
फोटो उजव्या अंगानं काढून पाठवला.

मंगळवार, ५ ऑगस्ट. एकादशी.
सरांचा फोन, बराच वेळ. आवाज लहान पोरासारखा.
"उजव्या डोळ्यानं चादर पांढरी दिसते, दत्ताराव. डाव्यानं बघितली की हळदीत बुडवलेली. तीच चादर. उजवा झाकतो, डावा झाकतो, नसीम हसते मला. इतकी वर्षं पोरांना रंग शिकवले आणि मला निळा दिसतच नव्हता, बोलो."
मी हसलो. मग ते म्हणाले, "तुमचे जुने फोटो काढून बघत होतो. एकोणीस तारखेचा. इतका निळा कशाला केलात? मला आपला उजेड कमी वाटायचा, म्हणून मी इथून जराजरा सरकवायचो. आकडे बारीक, दिसायचे नाहीत, अंदाजानं पट्टी ढकलायची. पण इतका? तुम्हीपण वाढवला का?"
"बघतो सर," म्हणालो.

बुधवार, ६ ऑगस्ट
रात्रभर तेच डोक्यात. त्यांना निळा दिसत नव्हता. फोटो पिवळट, मंद दिसायचा, म्हणून ते पट्टी ढकलायचे. स्वतःची टाकी, स्वतःचा हात, त्यात सांगायचं काय, असंच वाटलं असेल. आणि मी त्यांना धडा शिकवायला ४५ वर आणून ठेवला, म्हणून त्यांना आणखी लांब ढकलावी लागली. खाली मी ओढलं, वर त्यांनी. मधे झुंबर.
हे खरं असेल. पण दुसरंही मनात येतं. झुंबर गेलं तर "तुम्हीपण वाढवला का" हे वाक्य सर आत्ताच मांडून ठेवत असतील. माणूस इतका साधा असतो का?
असतोही. मीच नसेन.

बुधवार, १३ ऑगस्ट
निळा ५५. पाण्याचा झोत झुंबरावरून जरा बाजूला वळवला. उजव्या अंगाची बोंडं दुपारी चांगली फुलतात. डाव्या अंगाला फक्त एक, हरभऱ्याएवढं.

मंगळवार, १९ ऑगस्ट
सरांचा डावा डोळाही झाला. पुढच्या आठवड्यात येणार.
शोभाला सगळं सांगितलं, पासवर्डसुद्धा. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते यायच्या आधी सांगून टाका. डोळे करून येतेत ते. आता तर सगळंच दिसंल."
सांगतो म्हणालो. तीन वेळा फोन हातात घेतला.

शुक्रवार, २९ ऑगस्ट
सर आज जुम्म्याच्या नमाजानंतर आले. काळा चष्मा दारातच काढला. टाकीसमोर स्टूल ठेवलं, बसले. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा.
मग म्हणाले, "बोंडाचं टोक जांभळं आहे."
"हो सर."
"आधीपासून?"
"आधीपासून."
"आपा म्हणायची जांभळं. मी म्हणायचो हिरवं, तुला काय कळतं, ड्रॉइंग मास्तर कोण? शेवटच्या वर्षी तर रोज भांडलो." थोडं हसले. चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.
मग त्यांची नजर डाव्या अंगाला गेली. पांढऱ्या सांगाड्यासमोर काचेवर बोट टेकवलं. सांगायचं तर हीच वेळ होती. मी पाण्याचा खारेपणा सांगितला.
त्यांनी काचेवरचं बोट काढलं. खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "ते ॲप अजून उघडत नाही. पासवर्ड तुम्हीच घाला, दत्ताराव. जो असेल तो."
जो असेल तो. तोंडाकडं पाहिलं, पण ते झुंबराकडंच बघत होते.
तेवढ्यात शोभा चहा घेऊन आली. नसीमच्या गोष्टी निघाल्या, शाळेच्या निघाल्या. टाकी महिनाभर इथंच राहू द्या म्हणाले, घरचा रंग व्हायचाय. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या वक्ताला उठून गेले.
फोन माझ्याकडंच राहिला. विसरले, की ठेवून गेले?
देवापाशी दिवा लावला. फोन तिथंच खालच्या कप्प्यात, वेळापत्रकाच्या कागदावर ठेवलाय. पासवर्ड अजून घातलेला नाही. सकाळी शाळेत जाण्याआधी त्यांच्याकडं जायचं आहे.
डाव्या अंगाचं ते एक बोंड आज संध्याकाळी उतरत्या उजेडातही बाहेर होतं.