उरायासूचा व्हायकिंग सरदार

३० नोव्हेंबर २०१४, रविवार
व्हायकिंग ख्रिसमस तेवीस तारखेलाच. जुन्या घराचे व्यवस्थापक मोरिता-सान यांनी फोनवर दुजोरा दिला. टोकियोजवळच्या उरायासूतलं हे ऐतिहासिक घर २०११च्या भूकंपात कललं होतं. दुरुस्तीनंतरचा पहिलाच फॅमिली कार्यक्रम. प्रत्येक बाप व्हायकिंग सरदार. मुलं त्याचा हात धरून आत येणार. लेक चैत्राली नऊ वर्षांची झाल्यापासून ट्रेनमध्ये मला ओळख देत नाही. तेवीसला द्यावीच लागेल.
संकल्प: दाढी.

६ डिसेंबर
दाढी तुकड्यातुकड्यांत येतेय. राधिका म्हणाली, गालाला कसर लागल्यासारखी दिसते. बायकोला इतिहासाची जाण नाही.
मित्र जयप्रकाश शंभर येनच्या दुकानातून प्लॅस्टिकची शिंगं आणणार. किळस आली. खऱ्या व्हायकिंगांना शिंगं नव्हती, हे त्याला ट्रेनमध्ये टोकियोपर्यंत समजावलं. तो झोपला.

१३ डिसेंबर
स्वतः जाऊन परवानगी घेतली. मेंढीचं कातडं, केसाळ बूट, मशाल, खारवलेला मासा. मोरिता-सान यांनी दातांतून हवा आत ओढली, मान कलती केली, "विचार करतो" म्हणाले. चारही गोष्टी मंजूर.
बाहेर आल्यावर चैत्राली म्हणाली, "बाबा, ते नाही म्हणाले."
तिला सांगितलं, बिझनेस जपानी वेगळी असते. सात वर्षं क्लायंट सांभाळतोय. गेल्या क्लायंटनेही असाच विचार केला होता. अजून करतोय.

२० डिसेंबर
बूट सारखे निसटत होते. पँटलाच शिवून टाकले. राधिकाने हात लावायला नकार दिला.
मासा बाल्कनीत. शेजारच्या सातो-सान यांनी तब्येतीची चौकशी केली. भली बाई. कातड्याला डांबरगोळ्यांचा वास, दाढीला माशाचा. माझी मलाच शिसारी येते. म्हणजे अस्सल जमलंय.

२३ डिसेंबर, दुपार
सगळे मोज्यांवर. आत नव्या चटया. बूट काढायचे तर पँट काढावी लागणार. मोरिता-सान वाकून वाकून बोलत होते. चैत्राली जमिनीकडे बघत होती.
"बाबा, ते म्हणतायत पोशाख खूप छान आहे. म्हणजे तू बाहेर थांब."
शिंगंवाला जयप्रकाश आत गेला. एका हाताला त्याचा मुलगा पुष्कर, दुसऱ्या हाताला चैत्राली. शिंगं तिरकी बसली होती. ओंगळ. काचेतून ती हसताना दिसली.
मी अंगणात, एका हातात न पेटवलेली मशाल, दुसऱ्यात मासा. दोन मांजरं आली. त्यांनी कौतुक केलं.

२४ डिसेंबर
दाढी उतरवली. चैत्रालीला विचारलं, त्याचाच हात का धरलास. ती म्हणाली, "काकाचा एक हात रिकामा होता. तुझा कुठला होता?"
मासा जळाऊ कचऱ्यात. बूट कुठल्या कचऱ्यात टाकायचे, राधिका बघतेय.
जानेवारीत शाळेचा पालकदिन. राधिकाला सुट्टी मिळणार नाही, तेव्हा मीच जाणार. त्या दिवशी जयप्रकाशकाका मोकळे आहेत का, असं चैत्रालीने आईला विचारायला सांगितलंय. जयप्रकाश शुक्रवारपर्यंत कळवणार आहे.