तात्यांची मिशी आणि 'थुबलाक'

इंदापूर

तीर्थरूप मानसिंगतात्या आणि बनाकाकू यांना पुतणी म्हाळसाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि काकूंच्या म्हशी, दोन्ही धड असतील असे धरून लिहायला बसते.

तात्या, लोकांना हसवून घरी परतणाऱ्या तुम्हा सोंगाड्यांचे दुखणे एकच: विनोद होतो गावाचा आणि श्रेय जाते विद्वानाला. परवा बारामतीत आपल्या भागातल्या बोलीकोशाची सभा होती. कोशात 'थुबलाक' घेतला आहे. (अर्थ: बाहेरून भरलेले, आतून पोकळ. उदाहरणार्थ, पाणी घातलेले दूध, पुढाऱ्याचे आश्वासन आणि त्या दिवशीचे अध्यक्ष.) अध्यक्ष प्राध्यापक पाऊण तास सांगत होते, की हा शब्द संस्कृतातल्या 'स्तब्धलोक'वरून आला, वय दोन हजार वर्षे, कर्ता अज्ञात. दोन हजार! वडगावच्या जत्रेतल्या त्या वगाला अजून चाळीस वर्षे झालेली नाहीत. राजाने विचारले, "प्रधानजी, राज्यात कमी काय?" आणि काकूंनी कणकेच्या खळीने चिकटवलेली मिशी घामाने सुटून प्रधानाच्या, म्हणजे तुमच्या, तोंडात गेली. ती थुंकताना जो आवाज निघाला, तो हा शब्द. मंडप हसून लोळला आणि दुसऱ्या सकाळी डेअरीवर पातळ दुधाला लोक थुबलाक म्हणू लागले.

हे मी उभी राहून सांगितले. मागून इस्माईलचाचा (तेव्हा त्यांची जत्रेत भेळेची गाडी असे) ओरडले, "आवो सर, ती मिशी माज्या भेळंत पडली हुती!" अध्यक्ष म्हणाले, "पुस्तकात आहे का?" मी म्हटले, "माणूस वडगावात धार काढतोय, जाऊन विचारा." तर म्हणे, जिवंत माणूस हा भरवशाचा पुरावा नसतो. म्हणजे तुम्ही आधी मरायचे आणि मग अज्ञात व्हायचे! असल्या विद्वत्तेपेक्षा काकूंची खळ बरी. ती निदान अर्धा वग तरी टिकली.

तुमची,
म्हाळसा

ता. क. 'स्तब्धलोक'ला आधार म्हणून अध्यक्षांनी एक छापील भाषण दाखवले. ते तीन वर्षांपूर्वी नरसिंहपुरात मीच केले होते. टाळ्या पडत होत्या, तात्या, आणि मिशीपेक्षा संस्कृत भारदस्त वाटले.

आणखी ता. क. मी ते तिथेच मागे घेतले. अध्यक्ष म्हणाले, "ज्याच्या तोंडचा शब्द, त्यानेच येऊन तुमचे भाषण खोडून काढावे. रविवारच्या सभेपर्यंत कोशाची छपाई थांबवतो." तेव्हा रविवारी सकाळी दहाला बारामतीला या आणि भर सभेत मला खोटे पाडा.