मुदत संपल्यानंतरचं पान

बाबा, विद्यापीठाच्या ज्या कचेरीत तुम्ही उभा जन्म काढलात, तिची नवी वेबसाइट मी केली. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी. नोंदणी कशी करायची, सहामाही अहवाल कुणाकडे द्यायचा, प्रबंधाच्या प्रती किती, फॉर्म कुठला, सही कुणाची, सगळं एका ठिकाणी आणि वाचून समजेल अशा भाषेत. तुम्हाला अभिमान वाटावा म्हणून सांगत नाहीये. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली, आणि या कामाच्या सात-आठ महिन्यांत मी तुमच्यावर जेवढी चिडले तेवढी तुमच्या हयातीत कधी चिडले नव्हते. तेव्हा हिंमत नव्हती. आता तुम्ही उलट बोलू शकत नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

आमचं काम कसं चालतं ते सांगते. परळच्या आमच्या ऑफिसात आम्ही एकेका संशोधक विद्यार्थ्याला बोलावतो, कॉम्प्युटरसमोर बसवतो, एखादी गोष्ट शोधायला सांगतो आणि शेजारी गप्प बसतो. मदत करायची नाही, फक्त तो कुठे अडतो ते लिहून घ्यायचं. जुन्या वेबसाइटवर सगळेच अडायचे. तारखेनुसार लावलेल्या शेकडो सूचना, वाकड्या स्कॅन केलेल्या, नेमक्या महत्त्वाच्या ओळीवर गोल शिक्का. एक बाई कॉलेजात शिकवत शिकवत पीएच.डी. करत होत्या. जुन्या साइटवर वीस मिनिटं हताश होऊन बसल्या, आणि आमच्या नव्या कच्च्या पानांवर तेच त्यांना लगेच सापडलं. मला वाटलं, खूश होतील. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे खरंय ना, मॅडम? की तरीही एकदा ऑफिसात जाऊन कुणाला तरी विचारावं लागेल?" मी त्यांचं वाक्य वहीत लिहिलं आणि उठून चहा घ्यायला गेले. त्यांचा तो 'कुणाला तरी' कोण, हे मला चांगलं ठाऊक होतं.

तुम्ही पीएच.डी. विभागात आधी क्लार्क आणि मग हेडक्लार्क, पण प्राध्यापकसुद्धा तुम्हाला साहेब म्हणायचे. सगळी परिपत्रकं तुमच्या टेबलाच्या खालच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली शर्टाच्या खिशात. नोटीस बोर्डावर सुट्ट्यांची यादी तेवढी. कुणी आलं की तुमचं ठरलेलं, "पूर्ण माहिती घेऊन या." पूर्ण म्हणजे काय ते मात्र सांगायचं नाही. तुम्ही कधी कुणाचा पैसा खाल्ला नाहीत, हे अख्ख्या चाळीला ऐकवून झालं होतं आणि ते खरंही होतं. तुम्हाला माणसं दारात उभी हवी होती. रविवारी सकाळी घोडपदेवच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत इस्त्रीच्या कपड्यांतले, शिकलेसवरलेले लोक फायली छातीशी धरून उभे असायचे आणि तुम्ही आत दाढी करत बसायचात, सावकाश. एकदा मी त्यांतल्या एकाला, फॉर्म चार नंबरच्या खिडकीत मिळतो, असं सांगून मोकळी झाले. तो गेल्यावर तुम्ही विचारलंत, "तुला कुणी विचारलं होतं?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

आता दुसऱ्या एका बाईंचं, तुमच्या काळातल्या. तुम्हाला आठवत नसतील, कारण तुमच्या लेखी त्या बऱ्याच जणांतल्या एक. शीव कोळीवाड्याच्या होत्या. पोटुशा असताना त्रास झाला, मग बाळंतपण, त्यात वर्ष गेलं आणि प्रबंध द्यायची मुदत टळली. लागोपाठ तिसऱ्या रविवारी त्या येतात. मी तेरा वर्षांची आहे. तुम्ही स्वयंपाकघरात ताटावर बसला आहात, खिडकीतून तुम्हाला त्या चाळीत शिरताना दिसतात आणि तुम्ही मला म्हणता, नाहीत म्हणून सांग. आई भाकरी थापता थापता म्हणते, "सांगान टाका ना तिका. तीन येळा इली ती." तुम्ही घास चावून होईपर्यंत थांबता. मग म्हणता, "मुदतवाढीचा अर्ज महिनाअखेरपर्यंत घेतात. गाइडचं पत्र जोडलं की झालं काम. पण सांगितलं की संपलं. मग आपल्या दारात कोण येतंय?" एवढ्यात कडी वाजते.

मी दार उघडते. साहेब आहेत का, असं त्या विचारतात. मी नाहीत म्हणते. कधी येतील, तर माहीत नाही म्हणते. त्यांच्या आणि तुमच्या मध्ये एक पडदा आहे. त्या वर्तमानपत्रात बांधलेले सोडे माझ्या हातात देतात, घरच्यांनी वाळवलेली कोळंबी, आईला दे म्हणतात, आणि जिन्याच्या पायरीवर थोडा वेळ टेकून निघून जातात. महिना संपला. पुढे त्यांची नोंदणी रद्द झाली तेव्हा तुम्ही घरी येऊन सांगितलंत की, वेळेत यायला हवं होतं. आईने सोडे-वांगी केली होती. तुम्ही दोनदा मागून घेतलीत.

म्हणून या वेबसाइटवर एक पान मी हट्टाने केलं. 'मुदत संपली आहे, आता काय करू?' असं त्याला नाव दिलं आणि पहिल्याच पानावर ठेवलं. अर्ज, गाइडचं पत्र, शेवटची तारीख, अर्ज नाकारला तर पुढे कुणाकडे जायचं, सगळं. शेवटच्या बैठकीत तुमच्या कचेरीतल्या एका अधिकाऱ्यांनी नेमकं तेच काढायला सांगितलं. असं उघड लिहिलं तर सगळेच उशीर करतील, त्याऐवजी 'कार्यालयाशी संपर्क साधावा' एवढं घाला, म्हणाले. मग ते हसून सांगायला लागले की, मी इथे नवीन लागलो तेव्हा एक हेडक्लार्क होते, सगळे नियम तोंडपाठ, त्यांच्याकडे गेलं की काम व्हायचंच, वेबसाइट कशाला लागते. तुमचं नाव घेतलं त्यांनी. माझं आडनाव सासरचं, त्यांना कळायचं कारण नव्हतं. माझं डोकं फिरलं. हे पान नसेल तर साइट सुरू करायला मी संमती देणार नाही, म्हटलं, आणि त्या बाईंची गोष्ट सांगितली. एक क्लार्क, असं म्हटलं, आमच्या शेजारी राहायचे. जेवणाचं ताट, पडदा, सोडे, सगळं सांगितलं. ते अधिकारी बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले, मग म्हणाले, ठेवा ते पान.

ते पान आता साइटवर आहे. तुमच्या खणातलं ते आता कुणालाही घरबसल्या वाचता येतं, आणि मला त्याचा आनंद होतो, तुमच्यावर सूड उगवल्याचाच आनंद. पण एक राहिलं. त्या दिवशी त्या बाईंनी पुढे काय करायचं ते मला माहीत होतं. कडी वाजायच्या आधी मी ते कानांनी ऐकलं होतं. जिन्यापर्यंत चार पावलं जाऊन सांगता आलं असतं. तुम्ही रागावाल म्हणून घाबरले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, आणि ते पूर्ण खरं नाही. आपल्या दारात माणसं येतात हे मलाही आवडायचं. शाळेत मी ते मिरवायचे.

बैठकीत गोष्ट सांगून झाल्यावर त्या अधिकाऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, दार कुणी उघडलं? मी म्हटलं, त्यांच्या बायकोने. आई हल्ली दादरला माझ्याकडेच असते. तिला मी हे सांगितलेलं नाही.